चिठ्ठ्या लावलेली जीप

कबाडीवाला नऊला येतो म्हणाला होता, पण साडेआठलाच त्याचा टेम्पो नंदनवनातल्या ठवकरांच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला. देवराव ठवकर नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते. त्यांनी फाटकाची कडी काढली आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या टिनाच्या शेडकडे हात केला.

"हे सगळं घेऊन जा. काही ठेवू नको."

शेडखाली एक जीप होती. म्हणजे नावाला जीप. उंच बोनेटची, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची, चाकं काढून विटांच्या चार थप्प्यांवर टेकवलेली. इंजिन बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवलेलं, त्यावर गोणपाट. सीट नाहीत, हूड नाही. मागच्या भिंतीशी लोखंडी रॅक, आणि रॅकवर प्लास्टिकचे डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे, शंभरावर तरी असतील. देवरावांच्या मुलानं, अश्विननं, ही गाडी नटबोल्टापर्यंत खोलली होती. खोलून झाली, आणि जोडायला घेणार तेवढ्यात, एकवीसच्या एप्रिलमध्ये, कोरोनानं तो गेला. चौतीस वर्षांचा होता. त्याला आता साडेतीन वर्षं झाली होती आणि शेडमध्ये उंदरांनी घर केलं होतं. अश्विनची आई रंभाबाई महिनाभरापासून मागे लागली होती, "कुठं तरी नेऊन टाका ते. बाहेर निघालं की डोळ्यासमोर येते."

कबाडीवाल्यानं रॅकवरचा पहिला डबा ओढला. ऊन खाऊन प्लास्टिक कडक झालं होतं. झाकण मोडलं आणि आतले नट खडखडत फरशीवर पसरले. देवराव वाकून गोळा करू लागले. झाकणाच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटपट्टीनं लावलेला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं.

'डाव्या चाकांचे नट. हे उलटे फिरतात. जोर लावशील तर बोल्ट तुटेल. शांतपणे.'

शांतपणे हा अश्विनचा शब्द होता. गाडीला कट मारणाऱ्या ऑटोवाल्याला, रागावलेल्या आईला, सिलिंडर उशिरा आणणाऱ्या पोराला, सगळ्यांना तो हेच म्हणायचा. शांतपणे, जरा शांतपणे.

"काकाजी, भरू ना गाडीत?"

"नको," देवराव म्हणाले. "तू जा बाप्पा. माझंच चुकलं."

"अरे, सुबह सुबह पेट्रोल जलवाया," असं पुटपुटत कबाडीवाला निघून गेला. टेम्पोचा आवाज लांब गेल्यावर रंभाबाई ओसरीत आल्या.

"काहून परत पाठवला त्याले?"

"मी जोडतो ते."

"कोण? तुम्ही?"

विचारलं ते काही वावगं नव्हतं. देवरावांची बत्तीस वर्षं कळमन्याच्या मार्केट यार्डात तोलाईच्या कामावर देखरेख करण्यात गेली होती. त्यांना काटा कळत होता, पोतं कळत होतं, ओल्या तुरीचा वास कळत होता. घरातला फ्यूज उडाला तरी हाक अश्विनला जायची.

अश्विन पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक होता. भिवापूरकडे एका मिरचीवाल्याच्या गोदामामागे ही जीप त्याला दिसली. तिच्या रेडिएटरमधून बेशरमीचं झाड वर आलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यानं ती घरी आणली, तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं. त्याची बायको मयुरा ट्रॉलीत मागे बसून, ओढणी डोक्याला गुंडाळून हसत आली होती. देवरावांना ते आवडलं नव्हतं. "पगार येते तर भंगार घेऊन राहिला," ते म्हणाले होते, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं. अश्विन ट्रॉलीचा दोर सोडत राहिला. पुढे एका रविवारी इंजिन बाहेर काढताना त्यानं हाक मारली होती, "बाबा, जरा ही साखळी धरता का?" देवराव पेपर वाचत होते. "मले नको सांगू त्या भंगाराचं," ते म्हणाले. साखळी मयुरानं धरली.

एवढंच असतं तर देवरावांनी ते पचवलं असतं. बाप आणि मुलगा यांच्यात असं होतच असतं. पण त्यांच्या पोटात दुसरंच होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये अश्विनला ताप आला, तेव्हा तो वरच्या खोलीत वेगळा राहिला. मयुरा दाराबाहेर जेवण ठेवायची आणि बाहेरूनच विचारायची, ऑक्सिजन किती? तो सांगायचा, शहाण्णव. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खाली देवरावांना फोन केला. "बाबा, एक्क्याण्णव दाखवून राहिलं. मयुराले सांगू नका, ते आत्ता मले उचलून दवाखान्यात नेईन. आईले तर नाहीच. उद्या पाहू." त्या दिवसांत शेजारच्या तीन घरांतून तीन माणसं ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेली होती आणि एकही परत आलं नव्हतं. देवराव घाबरले होते. दवाखान्यात नेलं की मुलगा हातचा जाईल असं त्यांना वाटलं. "बरं," ते म्हणाले, "उद्या पाहू."

उद्या चौऱ्याऐंशी होतं. मयुरानं दार ढकलून ते पाहिलं आणि त्याला ऑटोत घातलं. तीन दवाखान्यांनी परत पाठवलं, चौथ्यात खाट मिळाली. सहा दिवसांनी अश्विन गेला.

तेराव्याला, जवळची चारदोन माणसं बसलेली असताना, रंभाबाई मयुराला म्हणाल्या, "दोन दिवस घरात ठेवलं वं तू त्याले. तू बायको होती ना त्याची? तुले समजलं नाही?" मयुरानं मान वर केली नाही. देवराव भिंतीला टेकून बसले होते. तोंड उघडायचं होतं, पण उघडलं नाही. नंतर रोज तेच झालं, कधी बोलून, कधी न बोलता. सहा महिन्यांनी मयुरा एक बॅग घेऊन वर्ध्याला माहेरी गेली. तिथं तिला शाळेत नोकरी लागली. फाटकापर्यंत बॅग देवरावांनीच उचलली होती. तेव्हाही ते बोलले नाहीत.

*

कामठी रोडवर जुन्या जीपांचा एक मिस्त्री होता. नाव गोलू. वय पंचावन्न, अंगानं काटकुळा, पण बारशापासून गोलू तो गोलूच. अश्विन त्याच्याकडे जायचा. देवराव स्कूटरवर त्याला शोधत गेले, तेव्हा तो एका ट्रकखालून बाहेर आला आणि त्यांना पाहून हात पुसू लागला.

"अश्विनभाऊचे वडील ना तुम्ही? चेहरा तोच आहे," तो म्हणाला. "काकाजी, गाडी विकायची असन तर मी गिऱ्हाईक पाहतो."

"विकायची नाही. जोडायची आहे. मी जोडतो, तू फक्त सांग."

गोलूनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. "हफ्त्यातून एकदा येईन," तो म्हणाला. "बाकीचे दिवस तुमचे."

अशी सुरुवात झाली. सकाळी चहा झाला की देवराव जुनी पँट चढवून शेडमध्ये जायचे. पहिला महिना नुसता साफसफाईत गेला. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, त्या सगळ्या काढल्या. पेट्रोलची टाकी आतून गंजून लाल झाली होती. गोलू म्हणाला, टाकीत मूठभर गिट्टी टाका, डिझेल टाका आणि हलवा. ती टाकी छातीशी धरून देवराव चार दिवस अंगणात हलवत बसले. सत्तर वर्षांचा माणूस टाकी हलवतो आहे हे पाहायला गल्लीतली माणसं फाटकाशी थांबायची. रंभाबाई आतून दार लोटून घ्यायच्या.

पण खरं काम डब्यांनी सांगितलं. प्रत्येक डब्यात चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठी म्हणजे अश्विनचं बोलणं, जसंच्या तसं. 'कार्बोरेटरचे जेट. फुंकून साफ कर, तार घालू नको, भोक मोठं होते.' 'हे चार व्हॉल्व्ह पुढून मागे याच क्रमानं. अदलाबदल केली तर मी जबाबदार नाही.' 'हा स्प्रिंग उडून डोळ्यात जाते. एकदा गेला आहे.' एकात नुसता एक वाकडा तुकडा होता आणि लिहिलं होतं, 'हे कुठलं आहे देव जाणे. गोलूभाऊले विचारणे.' गोलूनं तो तुकडा उलटासुलटा केला आणि हसत सुटला. "हे जीपचं नाहीच काकाजी. हे शिलाई मशीनचं आहे." तो हसता हसता थांबला आणि मग बराच वेळ दोघंही स्पॅनर पुसत राहिले.

देवराव चिठ्ठी सोडवताना चिकटपट्टीला गरम पाण्याचं फडकं लावायचे, म्हणजे कागद फाटू नये. सुकवून ती एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे. दुपारी, रंभाबाई झोपल्या की, तो डबा काढून वाचायचे. अक्षर गोल होतं, टपोरं, रेघेवर नीट बसलेलं. शाळेत अश्विनच्या अक्षराबद्दल दर वर्षी मास्तरांची चिठ्ठी यायची, एवढं ते वाईट होतं. नोकरीला लागल्यावर सुधारलं असेल, देवरावांनी मनाशी म्हटलं. आपण पाहिलं नाही. आपण त्याचं काहीच पाहिलं नाही. कधी कधी ते 'शांतपणे'मधल्या 'श'वरून बोट फिरवायचे. अश्विनचं पेन इथून गेलं, इथं वळलं, असं.

हिवाळा गेला, उन्हाळ्यात टिनाखाली उभं राहवेना म्हणून ते पहाटे साडेपाचला काम करू लागले. पिस्टनला नव्या रिंगा बसल्या. ब्रेकची रबरं शोधायला गोलूबरोबर चार दुकानं पालथी घातली. डावं पुढचं चाक बसवताना देवरावांनी नट उलटे फिरवले, जोर न लावता, आणि ते बसले. त्यांचे हात आता हात राहिले नव्हते. नखांत काळं कायमचं भरलं होतं. जेवताना रंभाबाई त्या बोटांकडे पाहायच्या आणि ताट सरकवून उठायच्या.

जसजसे डबे रिकामे होत गेले, तसतशी देवरावांची चाल मंदावली. गोलूच्या ते लक्षात आलं. "काकाजी, आठच डबे राहिले. दोन दिवसांचं काम आहे. काहून थांबले?"

"पाहतो. करतो," ते म्हणाले. त्या आठ डब्यांना त्यांनी दोन महिने लावले. सगळे डबे उघडून झाले, की अश्विन त्यांना नवीन असं काही सांगणार नव्हता.

ऑगस्टमध्ये एका सकाळी इंजिन चालू झालं. आधी तीनदा खोकलं, काळा धूर टाकला, आणि मग एकसारखं चालायला लागलं. गोलूनं बोनेटवर हात ठेवला. "ऐका," तो म्हणाला, "चारही सिलिंडर बोलून राहिले." देवराव ऐकत होते. तेवढ्यात रंभाबाई धावतच ओसरीत आल्या. केस अर्धे विंचरलेले, फणी हातात. त्यांनी शेडकडे पाहिलं, जणू गाडीच्या मागून कोणी बाहेर येणार होतं. कोणी आलं नाही.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. "बंद करा हो."

देवरावांनी चावी फिरवली.

*

गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर आली असं नव्हे. पासिंग संपून दहा वर्षं झाली होती. देवराव कागद घेऊन आरटीओच्या बाहेर बसणाऱ्या एका एजंटकडे गेले. त्यानं गाडीचं पुस्तक पाहिलं, मृत्यूचा दाखला पाहिला.

"आधी नावावर करा लागते काका. मालक वारले ना. वारस कोण कोण?"

"मी बाप आहे त्याचा."

एजंट चांगला माणूस होता. त्यानं आवाज खाली केला. "मृत्युपत्र नसन तर पहिले वारस बायको, मुलंबाळं अन् आई. बाप त्या पहिल्या यादीत येत नाही. कायदाच तसा आहे. आईच्या नावावर करता येईन, पण बायकोची संमती पाहिजे. सही आणा दोघींची."

देवराव बाकावर बसले. सत्तर वर्षं नागपुरात काढून त्यांना हे आज कळत होतं. बरोबरच आहे, असंही त्यांना वाटून गेलं, आणि ते कागद पिशवीत घालून परत आले.

मयुराला फोन करायला त्यांना नऊ दिवस लागले. तिनं दुसऱ्या रिंगला उचलला.

"बाबा? आई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. बाई, एक सही पाहिजे होती तुझी. जीपसाठी." मग त्यांना वाटलं, हे फार तुटक झालं. "जोडली मी ते."

"तुम्ही?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जोडली?" आणि मग, "शनिवारी शाळा अर्धी आहे. येते मी."

*

मयुरा आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. केस आखूड केले होते, चष्मा लागला होता. ती आधी घरात आलीच नाही. सरळ शेडकडे गेली. जीप आता आपल्या चाकांवर उभी होती, हिरवा रंग लावलेली. मयुरानं दाराच्या जागी लावलेल्या पट्ट्याला हात लावला, मग बोनेटला, मग काढून घेतला.

"सीट कोणी शिवल्या?"

"सक्करदऱ्यात एक आहे."

"तो खाकी म्हणत होता. तुम्ही खाकीच घेतल्या."

"चिठ्ठीत होतं," देवराव म्हणाले.

रंभाबाई आतल्या खोलीत होत्या. मयुरानं दारातूनच "आई, आले मी," म्हटलं. आतून "हो" आलं, तेवढंच. देवरावांनी बैठकीच्या टेबलावर फॉर्म मांडला, पेन दिलं. मयुरा खुर्चीच्या कडेवर बसली आणि लिहू लागली. संमतीपत्र हातानं लिहायचं होतं. 'मी, मयुरा अश्विन ठवकर, असे लिहून देते की...'

देवराव समोर उभे होते. कागद त्यांना उलटा दिसत होता. तरी त्यांना ते दिसलं. गोल, टपोरं, रेघेवर नीट बसलेलं. ठवकरमधला 'ठ', त्याच्या पोटात ठिपका पडावा इतका लहान वळसा. त्यांनी टेबलाला वळसा घातला आणि तिच्या मागे येऊन उभे राहिले. मग कपाटातून स्टीलचा डबा आणला आणि तिच्यासमोर उघडून ठेवला.

"हे," ते म्हणाले. "हे अक्षर कोणाचं आहे, बाई?"

मयुरानं वरची चिठ्ठी उचलली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि आल्या आल्या मोडलं.

"माझं," ती म्हणाली. "त्याचे हात ऑइलचे राहायचे ना बाबा. रविवारी दुपारी तो खोलत जायचा, मी स्टुलावर वही घेऊन बसायची. तो जे बोलेल ते लिही म्हणायचा, शब्द बदलवू नको म्हणायचा." तिनं आणखी एक उचलली. "शिलाई मशीनचं होतं हे. आम्हाला नंतर समजलं. तुम्ही सगळ्या ठेवल्या?"

देवराव खाली बसले. अकरा महिने ज्या कागदावरून बोट फिरवलं त्यावर मुलाचा हात कधी पडलाच नव्हता. तो 'श' त्याचा नव्हता. मुलगा पुन्हा एकदा गेल्यासारखं त्यांना वाटलं. आणि त्याबरोबरच त्यांना स्टूल दिसलं, वही दिसली, आपण आत पेपर वाचत असताना बाहेर बसलेली ही मुलगी दिसली.

मयुराला ते कळलं असावं. "बोलणं त्याचंच आहे बाबा," ती म्हणाली. "एक अक्षर माझ्या मनचं नाही." मग ती चिठ्ठ्या सरळ करत खालच्या मानेनं म्हणाली, "सगळं सांगायचा तो मला. म्हणून तर अजून समजत नाही. शहाण्णव म्हणाला होता. दोन्ही दिवस शहाण्णव. ते मशीनच खराब होतं की मी नीट विचारलं नाही? आई म्हणतात ते खरंच आहे. मी दार उघडून पाहायला पाहिजे होतं."

देवरावांना वाटत होतं की ही मुलगी इतकी वर्षं त्यांच्या बायकोवर रागावून दूर राहिली आहे. ती स्वतःला दोष देत राहिली असेल हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मशीन खराब नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा म्हटलं. "मशीन बरोबर होतं. एक्क्याण्णव होतं. मले त्यानं फोन केला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणे मयुराले सांगू नका. अन् मी नाही सांगितलं. मी उद्या पाहू म्हटलं. तू काही चुकली नाही. मी चुकलो. तेराव्याले मी तिथंच बसलो होतो अन् मी बोललो नाही."

मयुरानं पेनाचं टोपण शोधलं, लावलं, पेन टेबलावर ठेवलं. मग उठली आणि बाहेर अंगणात नळाशी जाऊन उभी राहिली, पाठ घराकडे करून.

आतल्या खोलीच्या दारात रंभाबाई होत्या. केव्हापासून होत्या कोण जाणे.

"काय म्हटलं तुम्ही?"

देवरावांनी मान वर केली नाही.

"चार वर्षं," रंभाबाई म्हणाल्या. "चार वर्षं मी त्या पोरीच्या नावानं... अन् तुम्ही जेवत होते माझ्या हातचं. रोज." त्यांना रडू येत नव्हतं; आवाज कोरडा होता. "माझ्या तोंडातून ते वदवलं तुम्ही. तुमचं पाप माझ्या तोंडातून."

त्या बाहेर गेल्या. देवरावांना खिडकीतून दिसत होतं. रंभाबाई नळाशी गेल्या आणि मयुरापासून हातभर लांब थांबल्या. काही बोलल्या असतील तर ते ऐकू आलं नाही. मयुरा वळली नाही. रंभाबाई वळसा घालून तिच्यापुढे गेल्या. मग रंभाबाईंनी पदरानं तिचा चेहरा पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा, जरा रगडूनच, आणि मयुरानं पुसू दिला.

पाऊण तासानं दोघी आत आल्या. मयुरानं उरलेलं लिहिलं आणि सही केली. रंभाबाईंनी तिच्या खाली केली, हळूहळू, एकेक अक्षर जोडत. निघताना मयुरा देवरावांच्या पाया पडायला वाकली. ते मागे सरकले. तरी ती वाकली.

"मला राग आला आहे, बाबा," ती सरळ होत म्हणाली. "खूप आला आहे. पण रात्री झोप लागेल असं वाटते."

चिठ्ठ्या ने म्हणून त्यांनी डबा पुढे केला. तिनं त्यातली एकच घेतली. कोणती, ते त्यांनी पाहिलं नाही.

*

नोव्हेंबरात गाडी पास झाली. तपासणाऱ्या साहेबानं ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, आणि शेवटी खिशातून मोबाइल काढून जीपसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. पाच वर्षांचं पासिंग मिळालं, मालक म्हणून रंभाबाईंचं नाव लागलं. गोलूनं फाटकाशी नारळ फोडला. रंभाबाई ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

त्यांनी मेथीची परात उचलली आणि आत गेल्या. त्या शनिवारपासून त्या एवढंच बोलायच्या. जेवण वेळेवर होतं, कपडे धुतलेले होते, रक्तदाबाची गोळी पाण्याच्या पेल्याजवळ ठेवलेली होती. बाकी काही नव्हतं. देवरावांनी तक्रार केली नाही. तक्रार करायला जागाच नव्हती.

मयुराला मात्र त्या स्वतः फोन करायच्या, दर गुरुवारी, आणि महिन्यातून एकदा वर्ध्याला जाऊन यायच्या. जानेवारीतल्या एका रविवारी त्या पिशवी घेऊन तयार झाल्या. पिशवीत तिळाच्या वड्या होत्या आणि स्वेटर. देवराव फाटकाशी आले.

"थंडी आहे वं. बसमध्ये गर्दी राहीन. गाडी आहे ना, मी नेऊन देतो. मी आत येणार नाही, बाहेरच थांबीन."

रंभाबाईंनी पहिल्यांदाच जीपकडे नीट पाहिलं. खाकी सीटकडे, घासून पुसून ठेवलेल्या काचेकडे. त्यांचा चेहरा मऊ झाला, पण तो देवरावांसाठी नव्हता.

"चांगली केली," त्या म्हणाल्या. "त्यानं केली असती तशीच केली. पण मले नाही बसवत तुमच्या बाजूले. पुढं कधी बसवलं तर सांगीन. आज नाही."

ऑटो आला. देवरावांनी पिशवी आत ठेवून दिली. ऑटो वळणावरून दिसेनासा झाला तरी ते काही वेळ उभे राहिले. मग त्यांनी जीप बाहेर काढली. आठवड्यातून एकदा तरी फिरवा, उभी ठेवली की रुसते, असं गोलूनं सांगून ठेवलं होतं.

उमरेड रोडनं ते गाव संपून वावरं लागेपर्यंत गेले. हवा गार होती आणि इंजिन चांगलं चाललं होतं. एका टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. चहा घेत उभी असलेली दोनतीन माणसं लगेच जवळ आली. एकानं चाकं पाहिली, एकानं वाकून खाली पाहिलं.

"जबरदस्त आहे काकाजी. कोणाची गाडी?"

"पोराची," देवराव म्हणाले.

"त्यानंच बनवली?"

"त्यानं अन् त्याच्या बायकोनं. मी फक्त जोडली."

"मग तो नाही आला संगं?"

देवरावांनी चहाचा घोट घेतला. चार वर्षं ते अनोळखी लोकांना काहीबाही सांगत आले होते, बाहेरगावी असतो, कामात असतो.

"तो वारला," ते म्हणाले. "कोरोनात."

टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. देवराव गाडीत बसले, वळवली आणि घराकडे निघाले. रंभाबाई सहाच्या बसनं परत यायच्या होत्या, आणि त्या येतील तेव्हा घराला कुलूप नको होतं.